मंदाकिनीचे केटोन आणि मी मास्टर पीस

६ जानेवारी २०२०, सोमवार. संध्याकाळ
मुलाला, विश्वासला, कारखान्याकडून नवी डायरी मिळाली. तो सगळं फोनमध्ये लिहितो, म्हणून मी घेतली. रिटायर होऊन सात वर्षं झाली, क्वार्टर आता त्याच्या नावावर आहे, पण कारखान्याच्या डायरीवरचा हक्क मी सोडलेला नाही.
संकल्प: रोज लिहायचं. दुसरा संकल्प: गोड कमी. (हा संक्रांतीनंतर लागू.)
आज बायकोला, मंदाकिनीला, गुडघ्यांसाठी टाउनशिपच्या हॉस्पिटलात नेलं. नवीन डॉक्टरीणबाई आहेत, कांचन नावाच्या, विश्वासपेक्षाही लहान. म्हणाल्या, काकू, आधी दहा किलो कमी करा, मग गुडघ्यांचं बघू. पोळी, भात, बटाटा, साखर तीन महिने बंद. अंडी, पनीर, पालेभाज्या, तूप चालेल. साखर मिळाली नाही की शरीर चरबी जाळतं, त्यातून केटोन तयार होतात. त्याला केटोसिस म्हणतात. रक्त तपासायला घेतलं, पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावलं.
मी विचारलं, हे घातक नाही ना. म्हणाल्या, काकूंना नाही, आणि मी लक्ष ठेवणार आहे. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, काका, तुम्ही मात्र हे करायचं नाही हं, तुमचं इन्सुलिन चालू आहे.
नोंद: जे मटेरियल एकाला चालतं आणि दुसऱ्याला चालत नाही, ते संशयास्पद समजावं. इन्स्पेक्शनमध्ये चौतीस वर्षं काढली. उगाच नाही बोलत.

७ जानेवारी, मंगळवार
मंदाकिनीच्या ताटात पालक, पनीर, दोन अंडी. माझ्या ताटात नेहमीचं सगळं. मला जेवणाची काही तक्रार नाही. फक्त एकट्यानं पोळी खाल्ली की चावण्याचा आवाज ऐकू येतो.
दुपारी मोबाइलवर अभ्यास केला. एक जण म्हणतो केटोनमुळे किडनी जाते. दुसरा म्हणतो केटोनमुळे माणूस तरुण होतो. तिसरा पावडर विकत होता. तिघांनीही पांढरे कोट घातले होते.

८ जानेवारी, बुधवार
बागेत काशिनाथशी चर्चा. हा क्रेन सेक्शनचा, इंदूरचा, माझ्याच वर्षी रिटायर झालेला. म्हणाला, अरे यार दिगंबर, वहिनी डॉक्टरला विचारून करताहेत ना, मग तू कशाला दिमाग लावतो. मी म्हटलं, क्रेननं उचललेला माल बरोबर आहे की नाही हे क्रेनवाल्याला कसं कळणार. तो म्हणाला, बरोबर, आम्ही फक्त तो कोणाच्या डोक्यावर पडू नये एवढंच बघायचो.
मंदाकिनीचं डोकं दुखतंय. मी म्हटलं, बघ. ती म्हणाली, डॉक्टर बोलल्याच होत्या, पहिले तीन-चार दिवस दुखतं, मीठ-पाणी घ्या. डॉक्टरला आधीच माहीत होतं. संशय वाढला.

९ जानेवारी, गुरुवार. सकाळी ५.५०
झोपेतून उठल्या उठल्या योजना सुचली.
इन्स्पेक्शनचा पहिला नियम: ज्यानं जॉब केला त्यानं तो पास करायचा नाही. हे केटो डॉक्टरीणबाईंनी सुरू केलं आणि त्याच तपासणार. याला तपासणी म्हणत नाहीत. तिसरा माणूस पाहिजे. तो मी.
दुसरा नियम: कुठलाही पीस तपासायचा तर शेजारी मास्टर पाहिजे. आमच्याकडे मास्टर पीस मखमल लावलेल्या लाकडी पेटीत असायचा. नवीन माल त्याच्याशी लावून बघायचा. फरक दिसला की माल रिजेक्ट. मास्टरवर कोणी संशय घेत नाही, तो मास्टर असतो.
इथे पीस मंदाकिनी. मास्टर मी. कारण मी पोळी, भात, वरण, पोहे असं माणसाचं अन्न खातो. पंधरा दिवस दोघांच्या नोंदी ठेवायच्या. फरक सापडला की रिपोर्ट घेऊन थेट हॉस्पिटलात.
मंदाकिनीला सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही मास्टर? मग पेटीत बसा की, मला झाडू मारायचा आहे.

१० जानेवारी, शुक्रवार
पिपलानीच्या बाजारातल्या केमिस्टकडून केटोन तपासायच्या पट्ट्या आणल्या. लघवीत बुडवायची आणि रंग बघायचा. बाटलीवर रंगांचे चौकोन आहेत, बिस्किटापासून गडद जांभळ्यापर्यंत. सोपं आहे. आम्ही याहून अवघड रंग बघितलेत.
नमुना मागितल्यावर मंदाकिनी माझ्याकडे दोन मिनिटं बघत राहिली. ग्वाल्हेरची आहे, बघण्यातच सगळं बोलते. मग आत गेली, आली आणि पट्टी हातात ठेवून म्हणाली, घ्या, नोकरी करा.
पीस: फिकट गुलाबी. मास्टर: बिस्किट. म्हणजे शून्य.
फरक पहिल्याच दिवशी सापडला.
आज माझी तीन महिन्यांची रक्ततपासणी होती. पुढे ढकलली. तपासणारा माणूस स्वतः तपासून घेत बसला तर काम कोण करणार.

११ जानेवारी, शनिवार
एक तांत्रिक अडचण लक्षात आली. मास्टर पीसला रंग, ग्रीस, काही लावत नाहीत. तो मूळ अवस्थेत पाहिजे. आणि मी रोज रात्री इन्सुलिन टोचून घेतो. ही बाहेरची भेसळ झाली. पंधरा दिवस सुई बंद. फक्त प्रयोगापुरती. शरीर काही विसरत नाही, दोन वर्षं घेतलंय, साठा असणारच.
घरात कोणाला सांगितलेलं नाही. तपासणी गुप्त ठेवावी लागते.
रात्री मंदाकिनीनं आतून विचारलं, सुई घेतली का. हो म्हटलं. काल घेतलीच होती.

१३ जानेवारी, सोमवार
पीस: गुलाबी. डोकेदुखी गेली. भूक लागत नाही म्हणते. संशयास्पद.
मास्टर: अगदी फिकट गुलाबी. उजेड कमी होता.
भोपाळात यंदा थंडी चांगली आहे. थंडीनं लघवीला जास्त होते. तहानही लागते आहे, हवा कोरडी असते. तांब्या उशाशी ठेवला.

१४ जानेवारी, मंगळवार
मंदाकिनी आज जिना एका दमात चढली. अठरा पायऱ्या. दोन वर्षांत प्रथमच मध्ये थांबली नाही. वर येऊन मला म्हणाली, बघितलं का.
बघितलं. लिहून ठेवलं: अनैसर्गिक उत्साह.
काशिनाथला फोनवर सांगितलं तर म्हणाला, तू खुश हो ना यार. याला समजावणं कठीण आहे. बंद पडण्याआधी मोटर जोरात फिरते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

१५ जानेवारी, बुधवार. संक्रांत
मंदाकिनीनं गुळपोळ्या केल्या, स्वतः एकही खाल्ली नाही. विश्वासनं दोन खाल्ल्या. मी पाच. यात चवीचा भाग नाही. मास्टरची फुल लोड टेस्ट घ्यावीच लागते, नाहीतर नोंदीला अर्थ राहत नाही.
ती म्हणाली, पाच? साखर वाढेल. मी म्हटलं, सुई आहे की. सुई फ्रिजमध्ये आहेच. खोटं बोललो नाही.
दुपारी ती तिळगूळ घेऊन आठ ब्लॉक पायी हिंडली. मी खिडकीतून बघत होतो. निळी साडी, हातात डबा, कुठेही टेकली नाही. मागच्या संक्रांतीला बायकांना इथे वर बोलवावं लागलं होतं.
एक गोष्ट इथेच लिहितो, कारण हे कोणी वाचणार नाही. हिला काही झालं तर मला चहासुद्धा करता येत नाही. पस्तीस वर्षांत शिकलो नाही. म्हणजे चहाचं सांगत नाहीये मी. असो.

१७ जानेवारी, शुक्रवार
घरात कुठेतरी पेरू सडला आहे. गोड, उग्र वास येतो. फ्रिज, फळांची टोपली, पलंगाखाली, सगळीकडे बघितलं. नाही.
मग मोबाइलवर वाचलं की केटोनचा श्वासाला असा वास येतो. म्हणजे मंदाकिनी. जेवताना जवळ जाऊन हुंगलं. तिला हिंगाचा वास येत होता. ती म्हणाली, हे काय चाललंय? आणि अहो, वास तुमच्याच तोंडाला येतोय, नेलपॉलिश काढायच्या औषधासारखा. दात घासले का.
घासले. पुन्हा घासले. वास तसाच. वास हिचा आणि नाव माझं.
पट्ट्या. पीस: गुलाबी. मास्टर: जांभळा.

१८ जानेवारी, शनिवार
कालचा निकाल मान्य नाही. मास्टर जांभळा येऊच शकत नाही, तो पोळी खातो. म्हणजे पट्ट्या खराब. इन्स्पेक्शनमध्ये हे नेहमी व्हायचं. मापच वाकडं निघायचं.
बाटलीवर लाल पेन्सिलीनं रिजेक्ट लिहिलं. पिपलानीच्या केमिस्टवर विश्वास उरला नाही. रिक्षानं अशोका गार्डनपर्यंत जाऊन दुसऱ्या कंपनीची बाटली आणली. रिक्षात थकवा फार आला. या वयात खड्डे सोसत नाहीत.
दुकानाच्या पाटीवरची अक्षरं पुसट दिसली. पाटी जुनी असावी. मग औषधाच्या बाटलीवरचीही पुसट दिसली. चष्म्याचा नंबर बदलला असणार.
नवीन पट्टी. मास्टर: गडद जांभळा. यापुढे चौकोन नाहीत.
दोन कंपन्या एकदम खराब माल काढतात, हे फार गंभीर आहे.

१९ जानेवारी, रविवार. दुपारी ३
उलगडा झाला. कढई.
मंदाकिनी तिचं पनीर ज्या कढईत परतते त्यातच माझे पोहे होतात. केटोन कढईतून माझ्यात येतात. म्हणजे हे प्रकरण फक्त खाणाऱ्याला घातक नाही, शेजाऱ्यालाही घातक आहे. एवढं त्या तिघा पांढऱ्या कोटवाल्यांपैकी कोणाला सुचलं नव्हतं.
मंदाकिनीला सांगितलं. ती म्हणाली, फालतू दिमाग नका चालवू, चेहरा किती उतरलाय, चला आत्ताच डॉक्टरकडे. मी म्हटलं, शुक्रवारी जाऊ, पंधरा दिवस पुरे होतील, रिपोर्ट अर्धा द्यायचा नसतो. ती विश्वासला म्हणाली, तू सांग यांना. विश्वास म्हणाला, बाबा, तुमची पँट सैल झालीय. मी वजन केलं. पाच किलो उतरलं आहे.
तिचं तीन, माझं पाच. तेही पोळ्या खाऊन. एवढ्यासाठी कोणी पनीर खातं का.

२० जानेवारी, सोमवार
मंदाकिनीची पंधरा दिवसांची तपासणी झाली. मला बरोबर चला म्हणाली, मी गेलो नाही, खोकला आहे. तिचं सगळं नॉर्मल निघालं. डॉक्टरीणबाई खूश आहेत म्हणे.
जॉब त्यांचा, पासही त्यांनीच केला. काय अपेक्षा ठेवणार.
नवीन कढई घ्यायला सांगितली. तिनं आणली, फक्त माझ्यासाठी. तरी पट्टी गडद जांभळी. झाऱ्याचा विचार करायला हवा.

२१ जानेवारी, मंगळवार
ताप थोडा. खोकला. तहान. तांब्या चार वेळा भरला. बागेत गेलो नाही. काशिनाथ घरी आला. म्हणाला, दिगंबर, तुमच्या त्या मास्टर पीसला कधी बाहेर पाठवत नव्हते का रे?
पाठवत होतो. वर्षातून एकदा कॅलिब्रेशनला, म्हणजे मास्टरलाच तपासून घ्यायला. मास्टरही झिजतो.
तो म्हणाला, मग?
मी म्हटलं, मग काय. तो म्हणाला, काही नाही, चहा पितो. क्रेनवाल्यांचं बोलणं असं अर्ध्यावर लटकतं.
मंदाकिनीनं रात्री विचारलं, सुई? हो म्हटलं. आवाज नीट निघाला नाही.

२२ जानेवारी, बुधवार. सकाळी ९
उलटी दोनदा. पोट दुखतंय. संक्रांतीची उरलेली गुळपोळी काल खाल्ली, तिचं असणार. श्वास जोरात चालतोय, जिना न चढता. रिपोर्टला दोनच दिवस राहिले. पट्टी
पीस गुलाबी. मास्टर

२६ जानेवारी, रविवार. हॉस्पिटल
बाहेर मैदानावर परेड चालू आहे, लाउडस्पीकर इथपर्यंत ऐकू येतो. दरवर्षी पहिल्या रांगेत असतो. यंदा खिडकीशी आहे, हाताला नळी.
डायरी मंदाकिनीनं आणून दिली. तिनं वाचली आहे. सगळी.
बुधवारी मी बाथरूमच्या दारात पडलो. विश्वास कारखान्यात होता. मंदाकिनी अठरा पायऱ्या उतरून खालच्या चौबेजींना बोलावून आली, परत चढली, माझ्याबरोबर पुन्हा उतरली. त्या गुडघ्यांवर. इथे डॉक्टरीणबाईंनी विचारलं, शेवटची सुई कधी घेतली. ती म्हणाली, रोज घेतात. मग तिलाच काहीतरी वाटलं. विश्वासला घरून डायरी आणायला लावली आणि ११ तारखेचं पान उघडून डॉक्टरांसमोर ठेवलं. त्या पानामुळे नेमकं काय झालं ते लगेच कळलं म्हणे. चौतीस वर्षं नोंदी ठेवायची सवय होती, तिचा उपयोग झाला, एवढं लिहायला हरकत नाही.
दोन दिवस मला काही आठवत नाही.
आज डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, काका, केटोन दोघांनाही झाले, पण गोष्ट एक नाही. काकूंच्या अंगात इन्सुलिन आहे, ते केटोनना धरून ठेवतं, थोडे होतात आणि थांबतात. तुम्ही सुई बंद केली, वर गुळपोळ्या, वर खोकला-ताप. साखर चढत गेली, केटोन थांबेनात, रक्त आंबट झालं. एक दिवस उशीर झाला असता तर मी इथे बसून बोलत नसते.
मी विचारलं, म्हणजे केटो आहार पूर्ण सुरक्षित आहे? म्हणाल्या, तसं नाही म्हणत. तीन महिने, तपासत राहून, काकूंसारख्यांना ठीक. वर्षानुवर्षं केलं तर काय, याचं पक्कं उत्तर अजून कोणाकडे नाही. किडनीचे पेशंट, गरोदर बायका, इन्सुलिनवाले, यांनी आपल्या मनानं तर करूच नये. म्हणून तर पहिल्या दिवशी तुम्हाला सांगितलं होतं.
नोंद: केटोन घातक होऊ शकतात, हे माझं म्हणणं बरोबर निघालं. फक्त पीस चुकला.
हे मंदाकिनीला वाचून दाखवलं.  संत्रं सोलत होती. सोललं आणि स्वतःही खाल्लं नाही, मलाही दिलं नाही. बशीत ठेवून खिडकीबाहेर बघत बसली. साली तिच्या मुठीतच राहिल्या होत्या. मी ते लिहीत नाही.

२८ जानेवारी, मंगळवार. घरी
सकाळी डिस्चार्ज. जिन्यात मी सातव्या पायरीवर थांबलो. मंदाकिनी वर पोचून कठड्याशी उभी होती. म्हणाली, सावकाश या, घाई नाही.
काशिनाथ दुपारी आला. नवी कढई बघून म्हणाला, चांगली आहे, जड आहे. मग तिच्यावर झाकण ठेवलं. चांगला माणूस आहे.
मंदाकिनीनं मला ओट्याशी उभं केलं. पाणी किती, पत्ती कधी, दूध कधी, आलं किसून की ठेचून. म्हणाली, पंधरा तारखेला लिहिलंय ना, येत नाही म्हणून. शिका. मी केला. बिनसाखरेचा. विश्वास म्हणाला, बाबा, हा काढा आहे का. ती मात्र सगळा प्यायली.
रात्री साडेआठला सुई तिनं समोर बसून घ्यायला लावली. मग फ्रिजच्या दाराला कागद चिकटवला. तारीख, वेळ, साखर, सुई, सही. सहीचा रकाना पहिल्या रांगेतच तिनं भरून टाकला. मी म्हटलं, माझी नोंद आहे, सही मी करतो. ती म्हणाली, तुमचाच नियम आहे, नऊ तारखेचा. ज्यानं जॉब केला त्यानं पास करायचा नाही.
नियम मीच चौतीस वर्षं लोकांना शिकवला. पेन खाली ठेवलं.
झोपायच्या आधी डायरी उघडली तर २२ तारखेच्या अर्ध्या राहिलेल्या ओळीपुढे तिच्या अक्षरात लिहिलेलं होतं. ‘मास्टर’ एवढं माझं, पुढचं तिचं.
मास्टर: रिवर्क.
आमच्याकडे शेरे तीनच असायचे. पास, रिवर्क म्हणजे दुरुस्त करून घ्या, आणि रिजेक्ट.
लाल पेन्सिल माझ्या उशाशीच होती. तिनं ती वापरली नाही.